पाणी न दिलेला हातोडा

आश्विन लागला की ताडकळसला आधी आवाज येतो आणि मग वास. आवाज हडंब्याचा. मळणीयंत्राला आमच्याकडं हडंबा म्हणतात, आणि ज्यानं तो एकदा सुरू झालेला ऐकला त्याला हे नाव कुणी समजावून सांगावं लागत नाही. चारी शिवारांत एकाच वेळी हडंबे लागले की अख्खं गाव जात्यावर बसवल्यासारखं थरथरतं. मग वारा फिरतो, सोयाबीनच्या भुसाची धूळ रस्त्यावर येते, घसा खवखवतो, आणि वाळलेल्या शेंगा, डिझेल, झेंडू हे सगळं एकाच पोत्यात भरल्यासारखा वास दसऱ्यापर्यंत अंगाला चिकटून राहतो.

लोकांची सुगी शेतात असते, माझी त्यांच्या मोडतोडीत. पूर्णेच्या रस्त्याला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. आश्विनात कुणाचा पट्टा तुटतो, कुणाची चाळणी फाटते, कुणाचं बेअरिंग जाम होतं, आणि मला बसून भाकरी खायला सवड मिळत नाही. फक्त एक दिवस दुकान गप्प असतं. खंडेनवमी, दसऱ्याचा आदला दिवस. त्या दिवशी अवजारांची पूजा असते, आणि एकदा हळदीकुंकू लागलं की दसरा उजाडेपर्यंत अवजाराला हात लावायचा नाही. आभाळ भरून येवो नाहीतर कुणाचा ट्रॅक्टर भर रस्त्यात बसो. या बाबतीत मी कडक आहे आणि माझा कडकपणा चार गावांना माहीत आहे. एका वर्षी एक बडा बागायतदार दारात भांडून गेला, तो पुन्हा आलेला नाही. मीही बोलावलेलं नाही.

आदल्या दिवशी सगळी अवजारं रॉकेलनं पुसून अंगणात वाळत घालतो, तेव्हा शेजारीपाजारी बघत उभे राहतात. कारण माझ्या पूजेतलं एकही अवजार दुकानातून आणलेलं नाही. ऐरण म्हणजे रुळाचा दीड हात तुकडा, लिलावातून भंगारात आलेला. काम घट्ट पकडून ठेवायचा शिकंजा म्हणजे ट्रकचा मोडका जॅक आणि दोन जाड पट्ट्या. भोकं पाडायचं यंत्र शिवणयंत्राच्या चाकावर फिरतं. ते चाक माझी बायको कौसा माहेराहून घेऊन आलेल्या शिवणयंत्राचं, आणि ते मी तिला विचारून काढलं की न विचारता, यावर आमच्यात अजून एकमत नाही. धार लावायचं चाक घरगुती पीठगिरणीच्या मोटरवर बसवलंय. पावसाळी हवेत ते फिरवलं की अजून कधीकधी पिठाचा वास येतो, निदान मला तरी येतो. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे पुलर. शाफ्टवर घट्ट बसलेलं बेअरिंग किंवा पुली न ठोकता ओढून काढायचं अवजार. त्याचे तीन पाय ट्रकच्या कमानपाट्याचे, तापवून वाकवलेले. मधला आटा जॅकचा. टोकाला बेअरिंगमधली एक गोळी.

हे सगळं मी परभणीच्या भंगारातून वेचलं. भंगारवाल्याशी बोलण्याचं एक शास्त्र आहे. जे हवं त्याच्याकडं बघायचं नाही. आधी तीन निरुपयोगी वस्तू हातात घ्यायच्या, त्यांचा भाव विचारायचा, भडकायचं, निघून जायचं, परत यायचं, आणि शेवटी एखादी वस्तू पायानं ढकलून म्हणायचं, आन् हे काय पडलंय, हे बी टाक त्यात. पायानं ढकललेली तीच वस्तू मला हवी असते. कौसा म्हणते, तुमचा राग खरा असतो की भंगारवाल्यापुरता, हे मला इतक्या वर्षांत कळलं न्हाई. मलाही सांगता येत नाही. राग हे माझं सगळ्यात जुनं अवजार. तेही कुणी दिलेलं नाही, घरीच तयार केलेलं.

पण पूजेत सगळ्यांच्या पुढं, पाटाच्या मधोमध, दरवर्षी एक हातोडा असतो. त्यानं मी कित्येक वर्षांत एक खिळासुद्धा ठोकलेला नाही. त्याचं तोंड फुललंय, म्हणजे मार खाऊन कडा बाहेर वळल्यात, फुटलेल्या कापसाच्या बोंडासारख्या. त्याला मी दुप्पट कुंकू लावतो. कुणी विचारलं की त्याची गोष्ट सांगतो. कुणी नाही विचारलं तरी सांगतो.

ती गोष्टही आश्विनातलीच. मी बावीस वर्षांचा होतो आणि सोनपेठकडचं आमचं गाव सोडून परभणीला गणपत मिस्त्रींच्या कारखान्यात कामाला होतो. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. तेव्हा सोयाबीन आमच्या भागात नवं नवं होतं, हडंबे थोडे आणि त्यांचं दुखणं ओळखणारे त्याहून थोडे. उस्ताद लांबून आवाज ऐकून सांगायचे की डाव्या बाजूचं बेअरिंग बोलायलंय. त्यांची अवजारं कंपनीची होती, छाप असलेली, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली. आम्ही वापरायचो, पण उचलताना आणि ठेवताना त्यांची नजर आमच्या हातावर असायची. त्या भिंतीसमोर उभं राहिलं की माझ्या पोटात एक भूक उठायची. भाकरीची नव्हे. आपलं म्हणावं असं एक तरी अवजार असावं, याची.

मग मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत हातोडा बनवायला घेतला. ट्रकच्या मोडक्या एक्सेलचा तुकडा भट्टीत लाल करायचा, ठोकायचा, सुट्टी संपली की राखेत लपवायचा. दांड्याचं भोक पाडायला चार दुपारी गेल्या. बाभळीचा दांडा काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत केला. पंधरा दिवसांत हातोडा झाला, आणि जगात त्याच्यासारखा दुसरा हातोडा नाही असं मला वाटायला लागलं. खंडेनवमीला उस्तादांची अवजारं ओळीनं मांडून झाली, तसा मी तो ओळीच्या शेवटी, रांगोळीला लागून ठेवला.

उस्ताद आंघोळ करून आले. हातात पूजेचं ताट. त्यांनी ओळीवरून नजर फिरवली, शेवटी थांबले, वाकले, हातोडा उचलून डोळ्यांजवळ नेला, त्याच्या तोंडावर अंगठा फिरवला. कुणाचा आहे ते विचारलंही नाही.

"हे भंगार हितं कुणी ठेवलं?"

एवढं म्हणून त्यांनी तो दारातून बाहेर भंगाराच्या ढिगावर फेकला. पडल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. टण नाही, धप. आठ माणसं हसली. रांगोळीच्या कडेला हातोड्याएवढी जागा रिकामी राहिली आणि पूजा संपेपर्यंत मी त्या जागेकडंच बघत होतो. दिवस मावळायच्या आत हातोडा ढिगातून काढला, कपड्यात गुंडाळला. दसऱ्याच्या दिवशी उस्तादांना आपट्याचं सोनं न देता, पाया न पडता, काम सोडून निघालो. एकाच निश्चयानं. आता जे अवजार लागेल ते भंगारातूनच बनवायचं.

आणि बनवलं. पत्र्याच्या एका टपरीतून हे दुकान उभं राहिलं. प्रत्येक नवं अवजार झालं की मनात मी ते उस्तादांच्या तोंडासमोर धरत होतो. बघा, हे भंगार. बघा, हेही. माणसं देवाला साक्ष ठेवतात, मी उस्तादांना ठेवलं होतं. ते परभणीत, मी इथं, मध्ये इतकी वर्षं, आणि त्यांना या खटल्याची खबरही नाही.

यंदा खंडेनवमीला सकाळपासून हवा कोंडलेली होती. पूजा झाली, कौसानं नैवेद्य दाखवला, मी दारात खाट टाकून बसलो. हडंबे चहूकडून ओरडत होते, कारण पश्चिमेला आभाळ काळं झालं होतं आणि ज्याला त्याला परतीचा पाऊस यायच्या आत माल पोत्यात घालायचा होता. दुपारी दोनच्या सुमारास एक स्कूटी येऊन थांबली. चालवणारी चाळिशीची बाई, पदर कमरेला खोचलेला, केसांत भूस. मागं एक म्हातारा, तो बसूनच राहिला.

बाईनं वेळ घालवला नाही. तिचं नाव विमल, शेत इथून दोन कोसांवर. हडंब्याचं बेअरिंग जाम झालं होतं, गड्यानं घणानं ठोकायला घेतलं तर बिडाच्या पुलीचा तुकडा उडाला. आता पुलरशिवाय इलाज नाही आणि परभणीत आज एक दुकान उघडं नाही.

"हितंबी बंदच हाय बाई," मी खाटेवरून न उठता म्हणालो. "खंडेनवमी हाय."

"आभाळ बघा की भाऊ. साडेतीन एकराची गंजी उघडी हाय. भिजली तर दाण्याला मोड येतील, वर्षाचं सगळं तिथंच."

मी नियम सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात म्हातारा स्कूटीवरून उतरला. पांढरी खुंटं, हात थरथरणारे, सदरा दोन मापं मोठा झालेला. बोलला तेव्हा आवाजावरून मी ओळखलं. उस्ताद.

"नाऱ्या, वळखलं का? पोरीला म्हणलं, नाऱ्याकडं पुलर हाय, तिकडं चल."

माझ्या पुलरची गोष्ट यांना कुणी सांगितली, हे विचारायचं सुचलं नाही. मुलांनी कारखाना विकला, उस्ताद गावाकडं आले, शेत मुलगी बघते, एवढं मला उडत उडत कळलं होतं. पण ते असे माझ्या दारात, माझ्या अवजारासाठी, खंडेनवमीला उभे राहतील हे मी स्वप्नात पाहिलं होतं तेही इतकं नेमकं नव्हतं. वाक्य तयार होतं, वर्षानुवर्षं घासून धार लावलेलं.

"उस्ताद, हितं सगळं भंगारच हाय. तुमच्या कामाचं काय असणार?"

वाक्य त्यांना लागलंच नाही. "बघू तरी," असं म्हणून त्यांनी चपला काढल्या आणि पूजेसमोर उकिडवे बसले. दोन्ही हात पाठीमागं धरले. पूजेतल्या अवजाराला चुकूनही हात लागू नये म्हणून. ऐरणीकडं बघितलं, शिकंज्याकडं बघितलं, शिवणयंत्राचं चाक दिसलं तेव्हा एकदा कौसाकडं बघितलं. बाहेर सोयाबीन उघडं पडलेलं आणि हे माझ्या छिन्न्यांच्या धारा तपासत बसलेले. विमल दारात तळमळत होती. पुलरपाशी ते बराच वेळ थांबले.

"टोकाला गोळी कशापायी?"

"आटा फिरला तरी शाफ्टचं तोंड खराब होऊ नये म्हणून."

"आमच्या कंपनीच्या पुलरला गोळी न्हवती," ते म्हणाले. चांगलं की वाईट, काही नाही. मग त्यांची नजर पाटाच्या मधोमध गेली. "आन् ह्याला म्होरं कशाला बसवलंय? तोंड फुललंय त्याचं. पाणी दिलं न्हाई का? ठोकताना तुकडा उडून कुणाचा तरी डोळा जाईल."

मी उठलो आणि जे काही आत होतं ते सगळं एका दमात बाहेर काढलं. एक्सेलचा तुकडा, पंधरा दुपारी, राख, रांगोळी, आठ जणांचं हसणं, सगळं. आवाज किती चढला होता ते शेजारचा किराणावाला बाहेर येऊन उभा राहिला तेव्हा कळलं. उस्ताद मान वर करून ऐकत होते. नापास पोराच्या बापासारखे.

"मी फेकला?" ते म्हणाले. "असंल बाबा. पाणी न दिलेलं लय फेकलं मी. असल्याच हातोड्यानं माझ्यासमोर एकाचा डोळा गेल्याला हाय."

"मग तवाच सांगायचं की, उस्ताद. एका वाक्याचं काम होतं."

"तवा सांगायची सवय न्हवती," ते म्हणाले, आणि माझ्या कपाळाकडं बघत राहिले.

माझा हात आपोआप डाव्या भुवईवर गेला. तिथं एक व्रण आहे, हरभऱ्याच्या दाण्याएवढा.

आता या गोष्टीतला तो तुकडा सांगतो जो मी आजवर कुणाला सांगितला नाही. लोखंडाला पाणी देणं म्हणजे आकार झाल्यावर ते पुन्हा लाल करून पाण्यात किंवा तेलात बुडवायचं. त्यानं ते कठीण होतं. मी माझा हातोडा घडवला, पण घाईत आणि कौतुकात त्याला पाणी दिलंच नव्हतं. तो राखेत निवला, मऊच राहिला. अंगठा फिरवून उस्तादांना ते कळलं होतं. काम सोडल्यावर दोन महिन्यांनी पत्र्याच्या टपरीत त्याच हातोड्यानं मी नांगराचा फाळ ठोकत होतो. तोंड आधीच फुललं होतं, दिसत होतं, तरी हट्टानं ठोकत होतो. कडेचा तुकडा उडून भुवईत बसला. बोटभर खाली असता तर ही गोष्ट मी एका डोळ्यानं सांगत असतो. कौसाशी लग्न ठरलं तेव्हा सांगितलं, वेल्डिंगची ठिणगी लागली. त्यानंतर तो हातोडा कधी हातात धरला नाही, पण पूजेत दरवर्षी ठेवला. गोष्ट सांगताना धप आवाजापाशी थांबायचो. भंगारवाल्याकडं जशी हव्या त्या वस्तूकडं नजर वळू देत नाही, तशी या तुकड्याकडंही कधी वळू दिली नाही. दुसऱ्याशी घासाघीस करता करता मी आठवणीशीही करत होतो, आणि दरवेळी सौदा माझ्याच फायद्याचा ठरत होता.

त्यांनी एक वाक्य बोलायला हवं होतं, हे मी आजही म्हणतो. एवढं माझ्या बाजूला राहू द्या.

कौसा आतून पुढं आली. तिनंच शेवटी तोंड उघडलं. "भांडण उद्या करा. आभाळ थांबणार न्हाई."

उस्तादांनी तिच्याकडं एक सुपारी मागितली. म्हणाले, कारखान्यात अडल्याच्या कामाला आमी असंच करत होतो. अवजार उचलायचं, पण जागा रिकामी ठेवायची न्हाई. मग माझ्याकडं बघून थांबले. हुकूम नाही, विनवणी नाही. पूजा माझी होती.

मी पुलर उचलला. खंडेनवमीला, आयुष्यात पहिल्यांदा. त्याच्या जागी पाटावर कुंकवाचे तीन ठिपके उरले, तीन पायांचे. उस्तादांनी तिथं सुपारी ठेवली, हात थरथरत होता म्हणून ती घरंगळली. पुन्हा ठेवली, पुन्हा घरंगळली. कुणीही मदत केली नाही. तिसऱ्यांदा ती बसली. ज्या हातानं माझ्या रांगोळीपाशी जागा रिकामी केली होती तोच हात एक जागा भरत होता, आणि त्या हाताला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं असं काही पाहिलं की जिंकल्यासारखं वाटेल. जिंकल्यासारखं वाटलं नाही. बुटात बरेच दिवस खुपणारा खडा निघाल्यावर पाय जमिनीवर टेकतो ना, तसं वाटलं.

शेतावर पुलरचे तीन पाय बेअरिंगमागं अडकवले, आटा फिरवायला घेतला. चौथ्या फेऱ्याला काहीच नाही, पाचव्याला कमानपाटा कण्हला. उस्ताद बांधावर डोळे मिटून बसले होते. "थोडं थांब," म्हणाले. थांबलो. "आता." आणि कट् असा एक आवाज होऊन बेअरिंग सुटलं. नवं बेअरिंग विमलकडं तयारच होतं. आठवडाभर आधी हडंब्याचा आवाज बदलला तेव्हाच तिनं आणून ठेवलं होतं. कान बापाचा घेतलाय. पुलीची फुटकी कड तशीच ठेवून हडंबा सुरू केला. मीही बाह्या वर करून गंजीवर चढलो. भूस उडायला लागलं, धान्य पडायला लागलं, आणि शेवटच्या पोत्यावर ताडपत्री बांधताना पहिले टपोरे थेंब आले. विमल ताडपत्रीवर बसली आणि नुसतीच हसत राहिली. थकून, भिजत.

तिनं मजुरी विचारली. खंडेनवमीला मी मजुरी घेत नाही, असं मी सांगितलं. घरी आल्यावर कौसानं विचारलं, हा नियम कधीपासून?

दसऱ्याला सकाळी पूजा उचलली आणि सगळ्यात आधी तो हातोडा हातात घेतला. फुललेल्या कडा चाकावर घासून काढल्या. ठिणग्यांबरोबर इतक्या वर्षांचं कुंकू उडून गेलं. दांडा काढून तोंड लाल केलं, तेलात बुडवलं. मग निखाऱ्याजवळ धरून कडेला गव्हाळ रंग चढेपर्यंत वाट पाहिली, पुन्हा बुडवलं. अर्ध्या तासाचं काम. तोच जुना दांडा परत बसवून ऐरणीवर टाकला तर धप नाही, टण वाजलं.

संध्याकाळी आपट्याची पानं खिशात आणि हातोडा पिशवीत घेऊन उस्तादांकडं गेलो. सोनं दिलं, पाया पडलो. त्यांनी पिशवी उघडली, हातोडा काढला, तोंडावर अंगठा फिरवला, ओट्याच्या दगडावर हलकेच आपटला आणि कान लावला. मी समोर उभा होतो, बावीस वर्षांचा असल्यासारखा. त्यांनी हातोडा उलटा करून दांडा दोन बोटांनी हलवून बघितला आणि माझ्या हातात परत दिला.

"दांडा बदल," म्हणाले.

राग आला. माझी स्कूटर सुरू करताना आला, दोन कोस रस्ताभर होता. पण तो त्या दिवसाचा साधा राग होता. दुकानात पोचून बाभळीचं लाकूड शोधायला लागलो, तोवर उतरलाही होता.